गरीच्या काठीला करवतीचा काठ

मैत्रिणींनो, आजचा विषय वाचून तुमच्यापैकी काहीजणी नाक मुरडतील. मासे धरायची गरी, तिची काठी ठेवायला प्लॅस्टिकच्या पाईपची नळी, आणि वर त्या नळीवर नक्षीकाम! हे बायकांच्या पानावर कशाला, असंही कुणी म्हणेल. पण आमच्या गोंदिया जिल्ह्यात घरटी एक तरी माणूस तळ्याकाठी बसणारा असतोच. शिवाय ही नळी मी हौसेने केली नाही. माझ्या हातून एक नुकसान झालं होतं, ते थोडंफार भरून काढावं म्हणून केली. म्हणून आधी ती हकिकत सांगते आणि मग कृतीकडे वळते. ज्यांना नुसती कृती हवी असेल त्यांनी पुढचे चार परिच्छेद सोडून द्यावेत, मी रागावणार नाही.

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, आयुष्यभर धानाच्या गिरणीत हिशेब लिहीत होते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं आमचं गाव, गावाला लागून तळं. या भागात अशी शेकडो तळी आहेत. कोहळी लोकांनी ती बांधली, मालगुजारांनी सांभाळली, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली तेव्हापासून सरकारी कागदावर ती 'माजी मालगुजारी तलाव' झाली. त्याचं लोकांनी केलं 'मामा तलाव'. मामाजी आणि मामा तलाव, हा आमच्या घरातला जुना विनोद. रविवार आला की मामाजी बांबूची काठी घेऊन बांधावर. काठीसुद्धा स्वतः निवडलेली, आरावर शेकून सरळ केलेली. तळ्याचा ठेका ढीवर मंडळींच्या सोसायटीकडे असतो. त्यांना विचारल्याशिवाय मामाजींनी कधी गरी टाकली नाही, आणि पहिली मासोळी नेहमी त्यांच्याच घरी दिली.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि मामाजी आमच्याकडे गोंदियाला राहायला आले. बांबूची काठी गावीच राहिली. शहरात आल्यावर ते फार बोलेनासे झाले. मी दुपारी शाळेत दोन तास शिकवायला जाते, मुलं शाळेत, हे कामावर. मामाजी झोपाळ्यावर एकटेच. ते पाहून नागपूरच्या माझ्या धाकट्या दिरांनी त्यांना फायबरची काठी आणून दिली. सात फुटांची, दोन तुकड्यांत निघणारी, दोरा गुंडाळायला चकरी असलेली. महिन्यातून एकदा बल्लारशाहकडे जाणारी पॅसेंजर पकडून मामाजी गावी जाऊ लागले. आदल्या रात्री गाडीची वेळ तीनदा विचारायचे. परत आले की अंगाला चिखलाचा वास आणि जेवताना गोष्टी.

गेल्या पौषात ही काठी कोठीच्या खोलीच्या दाराआड उभी होती. गॅसवर दूध उतू गेल्याचा वास आला, मी धावताना दार ओढलं, आणि कडक् असा आवाज झाला. शेंड्याची चार बोटं लांबी वाळक्या काडीसारखी लोंबत होती. मी मामाजींना दाखवली तेव्हा ते म्हणाले, "होते असं, बाई. वस्तूच होय ती." बस, एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यानंतर त्यांनी गाडीची वेळ विचारली नाही. दीर म्हणाले, नवीन पाठवतो. मामाजींनी नको म्हटलं. फाल्गुन गेला, चैत्र गेला, काठी खुंटीला तशीच टांगलेली.

दुरुस्ती फार अवघड नसते, हे मला उशिरा कळलं. मोडका भाग बारीक पात्याने सरळ कापायचा, शेंड्याची कडी विकत मिळते ती बसवायची, चिकटवायला लाखेसारखी वितळणारी गोंदाची कांडी मिळते. यांनी एका रविवारी बसून ते काम उरकलं. काठी चार इंच आखूड झाली, पण वाकवून पाहिली तर ठीक वाटली. मामाजींनी हातात घेतली, पाहिली, परत खुंटीला लावली. "पुन्हा मोडन," म्हणाले. तेव्हा माझ्या मनाने घेतलं, हिला घर पाहिजे. दुकानात तयार नळ्या मिळतात, पण किमती ऐकून मी पाईपच्या दुकानात गेले.

आता कृती.

शेतात पाणी न्यायला जो करडा पीव्हीसी पाईप वापरतात तोच घ्यायचा. दुकानदाराने विचारलं, "ताई, चार किलोचा देऊ की सहा किलोचा?" मी म्हटलं, अहो, मला खांद्याला अडकवायचाय, चार किलोचा मला कसा पेलेल? तेव्हा दुकानातली सगळी पोट्टी हसली. हे किलो म्हणजे वजन नाही, पाईप किती दाब सोसतो त्याचं माप. आपल्या कामाला चार किलोचा, म्हणजे पातळ भिंतीचा, पुष्कळ झाला. माझी पूर्ण झालेली नळी टोप्यांसकट साधारण किलोभर भरली.

व्यास किती, हे काठीवरून ठरवा. काठीवर दोरा ओवायच्या कड्या असतात, त्यांतली मुठीजवळची सगळ्यांत मोठी. ती कडी आणि शेजारी दुसरा तुकडा, दोन्ही न घासता आत जायला हवेत. चकरी काढून वेगळी ठेवावी. मी आधी ६३ मिलिमीटरचा पाईप पाहिला, तो अडकू लागला. ७५ चा बरोबर बसला. पाईपवरचा आकडा बाहेरचा व्यास सांगतो, आतली पोकळी त्याहून कमी असते, हे ध्यानात ठेवा. लांबी काठीच्या मोठ्या तुकड्यापेक्षा तीन इंच जास्त. आमचा तुकडा ४३ इंचांचा, म्हणून मी ४६ इंच कापला. दुकानात दहा फुटांचा उरलेला पाईप पडला होता, तो मला स्वस्तात मिळाला, आणि ते किती बरं झालं ते पुढे कळेल.

कापण्यासाठी लोखंड कापायचं करवतीचं पातं चालतं. सरळ रेघ हवी असेल तर वर्तमानपत्राची सरळ कडेची पट्टी पाईपभोवती गुंडाळा, कडा जुळली की तिच्याकाठाने पेन्सिल फिरवा. तोंडाला पदर किंवा रुमाल बांधा, भुसा बारीक असतो. आणि एक बजावून सांगते. पाईप नरम करायला कुणी गॅसवर धरा म्हणेल, ते मुळीच करू नका. पीव्हीसी जळला की त्यातून निघणारा धूर विषारी असतो.

खालच्या तोंडाला टोपी पक्की बसवायची. नळवाले ज्याला नुसतं 'सोल्युशन' म्हणतात ते दोन्हीकडे लावून टोपी दाबून अर्धा मिनिट धरून ठेवली की झालं. खिडक्या उघड्या ठेवा, वास उग्र असतो. वरची टोपी काढघाल करायची म्हणून तिला सोल्युशन नाही. ती फार घट्ट बसत असेल तर आतून काचकागदाने घासून सैल करा. आट्यांची टोपी (आमच्याकडे 'चुडीची' म्हणतात) महाग पडते, पण प्रवासात निसटत नाही. मी साधीच घेतली आणि तिला नाडी बांधून नळीला अडकवून ठेवली. खालच्या टोपीला बारीक भोक पाडायला विसरू नका. त्याने दोन कामं होतात. टोपी ओढताना आत हवा अडून बसत नाही, आणि काठीला पाणी राहिलं असेल तर ओल कोंडत नाही. अर्थात ओली काठी आत घालूच नये. पुसून, दोन तास सावलीत टेकवून, मग. चपलांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या येतात, त्या फेकू नका. दोन आत टाकल्या की छान.

आतून तळाला आणि टोपीला स्पंजच्या चकत्या. काठीच्या दोन तुकड्यांसाठी मी जुन्या फ्लॅनेलच्या, मुलांच्या लहानपणच्या दुपट्याच्या दोन लांब पिशव्या शिवल्या. खांद्याला अडकवायला खाटेची जुनी नवार. नवार बांधायची जागा शोधायला नळी एका बोटावर आडवी तोलून पाहा. जिथे तोल सापडतो तिथून दोन्हीकडे सारख्या अंतरावर बांध घातले की चालताना नळी पुढे-मागे झुलत नाही.

आता सजावट. इथे मी पहिल्यांदा सपशेल आपटले, तेही सांगते, म्हणजे तुमचा खर्च वाचेल.

तान्ह्या पोळ्याला मुलांच्या लाकडी नंदीला रंगवतो, त्यातला लाल तेलरंगाचा डबा घरात होता. विदर्भाबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा पोळा असतो, लाकडाचे बैल सजवून मुलं घरोघर फिरतात. लाकडावर तो रंग इतका छान बसतो, तर पाईपवर का नाही बसणार, असं वाटलं. दिला फासून. मे महिना, लवकर वाळेल म्हणून नळी गच्चीवर भिंतीला टेकवून ठेवली आणि शाळेच्या निकालपत्रकांना बसले. संध्याकाळी पाहते तो नळी धनुष्यासारखी वाकलेली! आमच्या गोंदियाचं ऊन मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातं, त्यात गच्चीची तापलेली फरशी आणि गडद रंग. हा पाईप उन्हात नरम पडतो आणि टेकवलेला असला की आपल्याच वजनाने वाकतो. चार दिवसांनी रंगही कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटायला लागला. ती वाकडी नळी आता परसात तोंडलीच्या वेलाला आधार देते आहे. मामाजी तिच्याकडे पाहून पहिल्यांदा हसले. तेवढंच पुण्य.

दुसऱ्या वेळी कापडाचा विचार केला. रंगाची भानगडच नको. नळीभोवती सुरेखशा काठाचं कापड गुंडाळून चिकटवावं. कापड कुठलं? सासूबाईंच्या ट्रंकेत त्यांचं कोशाचं करवतकाठी लुगडं होतं. एका घडीवर विरलं होतं, नेसण्यासारखं उरलं नव्हतं. आमच्या भंडारा, गोंदिया, नागपूरकडचं हे टसरचं विणकाम तुम्हाला माहीत असेलच. मधासारखा फिकट रंग आणि काठाला करवतीच्या दात्यांसारखी ओळ, म्हणून करवतकाठी. मला वाटलं, मामाजींना बरं वाटेल. मी ओसरीवर लुगडं पसरलं, काठाला कात्री लावणार एवढ्यात मामाजी आतून आले.

"ते फाडू नको, बाई."

आवाज मोठा नव्हता. पण मी कात्री खाली ठेवली. दुसऱ्यांदा मी त्यांची वस्तू मोडायला निघाले होते, तीही न विचारता. ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आहे, त्या डोळ्याजवळ काठ नेऊन पाहत राहिले. मग सांगू लागले. आंधळगावला विणकराच्या घरी जाऊन घेतलं होतं. पगार वाढला त्या वर्षी. सासूबाईंनी ते चारदाच नेसलं, कारण मासळीचा वास लागेल म्हणून त्यांना भीती वाटायची. "मी घरात असलो का ट्रंक उघडत नव्हती," म्हणाले आणि हसले, आणि मग डोळे पुसले. दोन वर्षांत सासूबाईंचं नाव त्यांच्या तोंडून मी इतक्या मोकळेपणाने ऐकलं नव्हतं. माझी बारा वर्षांची लेक शेजारी बसून ऐकत होती. तीच म्हणाली, "आबा, आपण हा काठ नळीवर काढू. रंगाने."

लुगडं घडी करून परत ट्रंकेत गेलं. घडी मात्र आता दर दोन-तीन महिन्यांनी बदलते. रेशमी वस्त्र एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवलं की तिथेच चिरतं, हे मला माहीत असूनही माझ्याकडून राहून गेलं होतं. तुमच्याही ट्रंकेत असेल तर आजच उघडा.

तर नव्या नळीची रीत अशी. पाईपवर कंपनीची अक्षरं छापलेली असतात. ती नेलपॉलिश काढायच्या द्रवाने पुसली जातात, पण हलक्या हाताने, फार घासलंत तर पाईपच चिकट होतो. नंतर सगळी नळी काचकागदाने घासायची, आधी १२० नंबरचा, मग २२० चा. चकाकी पूर्ण जाऊन हाताला खडूसारखं लागलं पाहिजे. रंग टिकतो तो या घासण्याने, बाकी सगळं नंतरचं. हे काम कंटाळवाणं आहे, मुलांना लावा. मग साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं करा आणि त्यानंतर नळीला हात लावताना फडकं घ्या, कारण बोटाचं तेल लागलं की तिथे रंग सुटतो.

प्लॅस्टिकवर बसणारा प्रायमर हार्डवेअरच्या दुकानात फवाऱ्याच्या डब्यात मिळतो. वीतभर अंतरावरून, हात सतत हलता ठेवून, पातळ दोन थर. जाड एक थर दिला तर ओघळ येतात. नळी रंगवताना धरायची कुठे, हा मोठा प्रश्न असतो. खालची टोपी लावण्याआधीच रंगकाम करा आणि नळी एका उभ्या काठीवर टोपीसारखी चढवा. ती काठी मी धानाच्या पोत्यात खोचली होती. नळी गोल फिरवता येते, कुठे डाग लागत नाही. वाळवायची ती घरात, सावलीत. गच्चीचं नाव काढू नका!

वरचा रंग अ‍ॅक्रिलिक, पाण्यात कालवायचा. आम्ही पांढऱ्यात थोडा पिवळा आणि अगदी थेंबभर तपकिरी घालून कोशाचा रंग केला. फिकट रंगाचा आणखी फायदा म्हणजे नळी उन्हात कमी तापते. रंगाच्या थराने पाईपला ऊनही कमी लागतं, नाही तर वर्षं लोटली की उघडा पाईप ठिसूळ होतो.

आता दाते. गोल वस्तूवर नक्षी काढताना शेवटचा दाता पहिल्याशी जुळत नाही, हा सगळ्यांचा अनुभव असेल. कुंड्या रंगवताना माझं नेहमी असंच व्हायचं. यावर सोपा उपाय आहे. कागदाची लांब पट्टी नळीभोवती नेमकी गुंडाळून जिथे टोक मिळतं तिथे कापायची. ७५ मिलिमीटरच्या नळीला ती सुमारे २३६ मिलिमीटर भरते. ही पट्टी चारदा निम्मी निम्मी दुमडली की सोळा सारखे भाग होतात. मोजपट्टी नको, भागाकार नको. दुमडलेल्यावरच एक त्रिकोण कापला की उलगडल्यावर सोळा दात्यांची करवत तयार. ती नळीला चिकटपट्टीने लावून पेन्सिल फिरवायची. आमच्या लेकीने हे पाहिलं आणि म्हणाली, "आई, हे तर अपूर्णांक!" गणिताच्या बाईंनी ऐकलं असतं तर त्यांना आनंद झाला असता.

रंग भरायला मेणकागदासारखी सोलून निघणारी कागदी पट्टी रेघांच्या कडेला लावा. रंग पुरता वाळायच्या आधी, किंचित ओला असतानाच पट्टी सोलली की कडा स्वच्छ निघते. दोन्ही टोकांना लाल दात्यांची ओळ, तिच्या खाली एक जाड आणि दोन बारीक रेघा, अगदी लुगड्यासारख्या. लेक ब्रश धरून बसे आणि मामाजी पोत्याजवळ बसून नळी सावकाश फिरवत. "थांब. आता फिरवतो. थांब." असं तीन दुपारी चाललं. एका ठिकाणी तिचा दाता वाकडा झाला, ती पुसायला निघाली. मामाजी म्हणाले, "राहू दे. विणकराचाही एखादा वाकडा जाते."

माझा शाळेत शिकणारा भाचा सुट्टीत आला होता. त्याचं म्हणणं मधल्या मोकळ्या जागेत वारली चित्रं काढावीत. आजकाल उशीपासून ट्रकपर्यंत सगळ्यावर वारली असतं. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, मला तिच्याबद्दल आदरच आहे. पण ती पालघरकडची, तिथल्या भिंतींवरची, लग्नाच्या चौकाची. आपल्या घरात आपला काठ असताना दुसऱ्याचं अंगण कशाला काढायचं? भाचा थोडा हिरमुसला. त्याला मी टोपीवर सारस काढायला दिला. उत्तर प्रदेशात सारस पुष्कळ, पण महाराष्ट्रात तो आता उरलाय तो मुख्यत्वे आमच्याच जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांत. पाय जरा जास्तच लांब झालेत, पण ओळखू येतो.

मधल्या जागेचा प्रश्न मामाजींनीच सोडवला. म्हणाले, "इथं इंच काढ." आम्हाला समजेना. मग त्यांनी समजावलं. मासोळी नळीशेजारी ठेवली की किती मोठी ते तिथेच कळावं. लहान असली तर परत पाण्यात. पूर्वी ते काठीवर चाकूने खूण करून ठेवत. मग लेकीने टेपाने मोजून खालच्या टोकापासून एकेका इंचावर लाल ठिपका आणि दर पाचव्या इंचावर छोटी आडवी रेघ काढली. दहाव्या इंचावर मामाजींनी स्वतः, थरथरत्या हाताने, एक फुली मारली. याच्या खाली नाही. माझ्या मते सगळ्या नळीत हीच सजावट सर्वांत देखणी झाली आहे, आणि तीच सगळ्यांत कामाची.

शेवटी पारदर्शक अ‍ॅक्रिलिक वार्निशचे दोन थर, मध्ये एक दिवस सोडून. मगच खालची टोपी, नवार, नाडी. टोपीच्या आत मामाजींचं नाव आणि यांचा फोन नंबर कागदावर लिहून चिकटवला. बाहेर लिहू नये, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला तो कशाला द्यायचा?

नळी तयार झाली तेव्हा मृग लागला होता. पावसाच्या सुरुवातीला मासे अंडी घालायला चढणीवर येतात, त्या दिवसांत मामाजी गरी टाकत नाहीत. म्हणून सारा पावसाळा नळी खुंटीला टांगलेलीच राहिली. मधून मधून मी टोपी उघडून हुंगून पाहायची. आमच्याकडे श्रावणात चामड्याच्या चपलांना बुरशी येते, पण आत फ्लॅनेल कोरडं होतं. भोकाचा उपयोग झाला म्हणायचा.

दिवाळी झाली, धान कापणीला आलं, आणि एका शनिवारी रात्री मामाजींनी विचारलं, "सकाळची बल्लारशाह किती वाजता?" मी पोळी लाटत होते, लाटणं हातातच राहिलं. यांनी वेळ सांगितली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा लेकीने विचारलं, कारण तिलाही जायचं होतं. मुलीला तळ्यावर कशाला, असं आमच्या शेजारणीने म्हटलं. मीही क्षणभर घुटमळले, खोटं कशाला बोलू? पण त्याच तालुक्यात ढीवरांच्या बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरून बेशरमाची झुडपं उपटतात, माशांना हवी ती पाणवनस्पती लावतात, आणि त्यामुळे कितीतरी तळ्यांत देशी मासे परत आले आहेत. त्यांच्या तळ्याकाठी माझी लेक काठी धरून बसली तर काय बिघडणार होतं? डब्यात चार पोळ्या जास्त घातल्या.

संध्याकाळी दोघं परतले ते चिखलाने माखून. गाडीत म्हणे एकाने विचारलं, यात बासरी आहे का? दुसऱ्याने विचारलं, बंदूक का हो? स्टेशनवर एका पोलिसाने टोपी उघडायला लावली, आत डोकावून पाहिलं, आणि मग पाच मिनिटं स्वतःच्या गावच्या मरळीच्या गोष्टी सांगत उभा राहिला. दिवसभरात एक रोहू लागला, लेकीच्या हातच्या गरीला. नळीशेजारी ठेवला तर नऊ ठिपके भरले. फुलीपर्यंत एक कमी.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, सोडला," लेक म्हणाली. चेहरा मात्र अजून फुगलेला होता. "आबा म्हणाले, माझ्यासाठी नियम वेगळा नाही."

जेवताना मामाजी बोलत होते आणि आम्ही ऐकत होतो. पाणी यंदा कुठवर आहे, बांधावरचं कोणतं झाड पडलं, ढीवरांच्या कोणत्या घरी नातू झाला. नळीच्या खालच्या टोकाला खरचटलं आहे, तिथला थोडा लाल रंग गेला. तेवढं पुन्हा घासून, प्रायमर देऊन, लावून घेता येईल. नुसता वरून रंग फासू नका, तो पुन्हा सुटेल.

दहा फुटांतला सव्वादोन फुटांचा तुकडा अजून कोठीत पडून होता. विणकामाच्या सुया आणि मुलांचे नकाशे ठेवायला त्याची छान नळी होईल असा माझा बेत होता, आणि पुढच्या वेळी तेच लिहायचं मनात होतं. परवा शोधला तर जागेवर नाही. मामाजींच्या खाटेखाली सापडला. शेजारी बांबूचे तीन पेर, शेकून सरळ केलेले, आणि एक काचकागद. मी काही विचारलं नाही. बाजाराला निघाले तेव्हा मागून हाक आली, "बाई, येताना त्या पाईपच्या दोन टोप्या आणजो."